ज्योतीवरील काचकाम : घरातील सुरक्षित मेजाची मांडणी

काच घडविण्याच्या प्रमुख रीती दोन आहेत. पहिल्या रीतीत वाळू, सोडा आणि चुनखडी यांचे मिश्रण मोठ्या भट्टीत वितळवितात आणि त्या रसापासून वस्तू बनवितात. दुसऱ्या रीतीत काच आधीच तयार असते. तिची कांडी किंवा नळी ज्योतीत धरून पुन्हा मऊ केली जाते आणि ओढून, वाकवून, फुंकून अथवा सळईभोवती गुंडाळून तिला हवा तो आकार दिला जातो. या दुसऱ्या रीतीस दिव्यावरील काचकाम असे नाव पडले, कारण कित्येक वर्षे ही ज्योत खरोखरच तेलाच्या दिव्याची असे. कारागीर मेजाखालचा भाता पायाने चालवी आणि भात्यातून येणारा हवेचा झोत एका बारीक नळीने ज्योतीत सोडी. त्यामुळे ज्योत निमुळती व प्रखर होऊन काच मऊ करण्याइतकी तापे. आज दिव्याची जागा वायूच्या बर्नरने घेतली आहे. परंतु कामाचे मूळ तत्त्व बदललेले नाही.

हे काम घरात होऊ शकते याचे कारण काचेच्या एका गुणधर्मात आहे. काच ही उष्णतेची मंद वाहक आहे. वीतभर लांबीच्या कांडीचे एक टोक मधासारखे पाझरत असताना दुसरे टोक उघड्या हाताने धरता येते. याच कारणाने भट्टीवाचून, मोठ्या जागेवाचून आणि साहाय्यकांवाचून एकटा मनुष्य एका मेजाशी बसून मणी, बांगड्या, खेळणी किंवा प्रयोगशाळेतील नाजूक उपकरणे तयार करू शकतो. मात्र या सोयीतूनच एक अडचण उद्भवते. कारखान्यातील ज्योत कारखान्यातच राहते. घरातील ज्योतीचा धूर, वायू आणि धूळ यांना मात्र घरातील सर्वांपर्यंत वाट मिळते.

घर हेच कार्यस्थान

जर्मनीच्या थुरिंजिया प्रदेशातील लाउशा हे गाव या व्यवसायाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तेथे १५९७ मध्ये काचेचा पहिला कारखाना उभा राहिला. पुढे गावातील अनेक कुटुंबे कारखान्यातून कांड्या व नळ्या आणून आपापल्या घरी ज्योतीवर काम करू लागली. लुडविग म्यूलर-उरी या कारागिराने १८३५ मध्ये तेथेच काचेचे कृत्रिम डोळे बनविण्यास आरंभ केला. नाताळच्या झाडावर टांगण्याचे पातळ काचेचे गोळे हीही या गावाचीच कीर्ती. १८६७ मध्ये गावात वायूचा कारखाना निघाल्यावर ज्योत अधिक प्रखर व स्थिर झाली आणि हा उद्योग भरभराटीस आला. त्यात घरातील लहानथोर सारे राबत असत.

ड्रेस्डेनजवळ आपल्या घरातील मेजाशी बसून लिओपोल्ट ब्लाश्का आणि त्यांचे पुत्र रुडोल्फ यांनी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेच्या वनस्पतींचा जो संग्रह निर्माण केला, तोही याच रीतीचा. १८८६ च्या सुमारास सुरू झालेले हे काम १९३६ पर्यंत चालले. सुमारे ७८० जातींच्या वनस्पतींचे ४,३०० च्या आसपास नमुने त्यांनी घडविले.

आपल्या देशात उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद येथे बांगडीचा एक मोठा टप्पा घरोघरी पार पडतो. भट्टीतून निघालेला काचेचा तार रुळावर मळसूत्रासारखा गुंडाळला जातो आणि नंतर कापला जातो. त्यातून सुटलेली कडी एका जागी उघडी व किंचित वाकडी असतात. ती सरळ करणे यास सधाई आणि टोके जोडणे यास जुडाई म्हणतात. ही कामे लहानशा ज्योतीवर करावी लागतात आणि ती पुष्कळदा राहत्या खोलीतच केली जातात.

अशा घरकामाकडे कायद्याचे लक्षही उशिरानेच गेले. बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्याने धोकादायक कामांत चौदा वर्षांखालील मुलांना बंदी केली. परंतु कुटुंबाच्या मदतीने चालणारी कार्यशाळा त्या बंदीतून वगळली होती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर धोक्याच्या कामात घरच्या मुलांची मदत घेणेही निषिद्ध ठरले. कायद्यातील या बदलामागे एक साधे सत्य आहे. ज्योत तीच, काच तीच आणि धूरही तोच असताना, तो घराच्या उंबऱ्याच्या आत आहे एवढ्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाही.

यावरून सुरक्षित मेजाचे पहिले सूत्र मिळते. सुरक्षितता ही कारागिराच्या सावधपणावर सोपविता कामा नये. ती मेजाच्या मांडणीतच असली पाहिजे. काम करणाऱ्याचे सारे लक्ष फिरत्या काचेवर एकवटलेले असते आणि ते तसे असणे आवश्यकही आहे. म्हणून जे धोके टाळावयाचे, ते ज्योत पेटण्यापूर्वीच टाळलेले असावेत.

जागा आणि हवा

स्वयंपाकघर, झोपण्याची खोली आणि तळघर या तीन जागा प्रथमच वर्ज्य समजाव्यात. पहिल्या दोन ठिकाणी अन्न आणि अंथरूण यांच्याशी धूळ व धूर यांचा संबंध येतो. तळघराचे कारण निराळे आहे. घरगुती वापराचा द्रवरूप पेट्रोलियम वायू, म्हणजे आपल्या नित्य परिचयाचा सिलिंडरमधील गॅस, हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि सखल जागी साचून राहतो. एखादी ठिणगी त्याला पुरेशी होते. म्हणून जमिनीच्या पातळीवरची, बाहेर उघडणारे दार असलेली स्वतंत्र खोली किंवा बंदिस्त पडवी सर्वांत योग्य.

ज्योतीतून निघणारे अपायकारक वायू डोळ्यांस दिसत नाहीत. इंधन अपुरे जळाल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. ज्योत अतिशय प्रखर असेल तर हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात आणि ती फुप्फुसांना इजा करतात. काही रंगीत कांड्यांत कॅडमियमसारख्या धातूंची संयुगे असतात. शिसेयुक्त काच ज्योतीत चुकीच्या रीतीने धरली तर ती काळवंडते आणि शिशाची वाफ निघण्याचा संभव असतो. खिडकी उघडी ठेवली म्हणजे भागले, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

हवेला निश्चित वाट असावी लागते. ताजी हवा कारागिराच्या पाठीमागून आत यावी, ज्योतीवरून पुढे जावी आणि ज्योतीच्या पलीकडे बसविलेल्या धुराड्यातून, पंख्याच्या ओढीने, घराबाहेर पडावी. या वाटेत कारागिराचे तोंड कोठेही ज्योत आणि धुराडे यांच्या मध्ये येता कामा नये. धुराडे थेट डोक्यावर असेल तर बाहेर पडणारा प्रत्येक धूर आधी नाकाजवळून जाईल. पंख्याने बाहेर फेकलेल्या हवेइतकीच हवा आत येण्याची सोय नसेल तर पंखा केवळ आवाज करीत राहतो. छताचा पंखा मात्र काम चालू असताना बंदच असावा. तो धूर खोलीभर पसरवितो, ज्योत डळमळीत करतो आणि तापलेल्या काचेवर गार झोत सोडून तिला तडा पाडतो. धुराड्याचे बाहेरचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावे, हेही ओघानेच आले.

मेजाची रचना

मेज जड आणि न डगमगणारे असावे. बसल्यावर दोन्ही कोपरे त्यावर सहज टेकतील इतकी त्याची उंची ठेवावी. काच सतत व समगतीने फिरवावी लागते. कोपरांना आधार नसेल तर मनगटे लवकर थकतात आणि थकलेल्या हातून अपघात होतात. मेजाचा पृष्ठभाग न जळणारा असावा. लाकडी मेजावर पोलादी पत्रा, सिमेंटचा तक्ता किंवा फरशी बसविली तरी चालते. जुन्या पुस्तकांतून या कामी ॲस्बेस्टॉसचा तक्ता सुचविलेला आढळतो. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन असाध्य रोग उत्पन्न करतात हे आता सिद्ध झाले आहे. तेव्हा तो नव्या मेजास वापरू नये आणि जुन्या मेजावर असल्यास घरच्या घरी तोडूफोडू नये.

मेजाच्या कारागिराकडील कडेला बोटभर उंचीची पट्टी असावी. तापलेला मणी किंवा कांडीचा तुटलेला तुकडा घरंगळत मांडीवर येऊ नये, एवढ्यासाठी ती असते. बर्नर मेजाला पक्का आवळलेला असावा आणि त्याचे तोंड कारागिरापासून दूर, किंचित वर वळलेले असावे. ज्योतीसमोर हातभराहून अधिक अंतर मोकळे ठेवावे आणि पलीकडच्या भिंतीवर पत्रा किंवा सिमेंटचा तक्ता लावावा. पडदे, कागद, कापडी आसने यांना या खोलीत स्थान नाही.

या कामातील सर्वांत सामान्य इजा ज्योतीमुळे होत नाही, तर विझल्यासारख्या दिसणाऱ्या काचेमुळे होते. काच सुमारे ५०० अंश सेल्सियसच्या वर गेल्याखेरीज डोळ्यांना लाल दिसत नाही. ३०० अंशांवरील काच आणि थंड काच यांच्यात दृष्टीला काहीच फरक कळत नाही. म्हणून तापलेल्या कांड्यांसाठी मेजावर एक ठरावीक खाचेची घोडी असावी आणि त्यांची तापलेली टोके नेहमी एकाच दिशेला, कारागिरापासून दूर असावीत. थंड कांड्या दुसऱ्या बाजूस ठेवाव्यात. हा नियम एकदा ठरला की मोडू नये. चिमटे, कात्री, आकार देण्याची ग्रॅफाइटची पट्टी या वस्तूही अशा ठेवाव्यात की त्या घेताना हात ज्योतीच्या पलीकडे न्यावा लागू नये. तुटक्या काचेसाठी जवळच झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवावा.

वायूची व्यवस्था

सिलिंडर शक्यतो खोलीबाहेर, सावलीत आणि हवेशीर जागी उभा ठेवावा. तो आडवा केल्यास वायूऐवजी द्रव बाहेर पडू शकतो. नळी वायूसाठीच बनविलेली, मानक चिन्ह असलेली असावी आणि दोन्ही टोकांस पट्ट्यांनी आवळलेली असावी. सांध्यांची तपासणी साबणाच्या पाण्याने करावी. बुडबुडे दिसले की गळती समजावी. काडी पेटवून गळती शोधण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी आढळते. तिच्यामुळेच स्फोट होतात. गॅसला मूळचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एक उग्र दर्पाचा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. हा दर्प आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. प्रथम सिलिंडर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे. येथे आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठीच दिला जातो. काचकामासाठी वेगळी, व्यावसायिक वापराची जोडणी घ्यावी लागते.

सोडा-चुन्याची काच सुमारे ७०० अंशांवर मऊ होते. तिचे लहान काम गॅस व हवा यांच्या ज्योतीवर भागते. प्रयोगशाळेतील उपकरणांच्या बोरोसिलिकेट काचेला मात्र ८०० अंशांहून अधिक तापमान लागते आणि त्यासाठी ज्योतीस ऑक्सिजन पुरवावा लागतो. अशी ज्योत २,८०० अंशांच्या आसपास पोहोचते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, परंतु दुसऱ्याचे जळणे तो अतिशय वाढवितो. दाबाखालील ऑक्सिजनशी तेल किंवा वंगण यांचा संपर्क झाला तर ठिणगीवाचूनही पेट घेतला जाऊ शकतो. म्हणून त्याच्या झडपेला व दाबनियंत्रकाला तेलकट हात लागू देऊ नये. त्याचा सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला असावा. तो पडून झडप तुटली तर आतील प्रचंड दाबामुळे सिलिंडर अस्त्रासारखा सुटतो. दोन्ही नळ्यांवर ज्योत मागे शिरू न देणारी अडथळा-झडप बसविणे अनिवार्य मानावे.

पेटविण्याचा आणि विझविण्याचा क्रम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. पेटविताना प्रथम गॅस, मग ऑक्सिजन. विझविताना प्रथम ऑक्सिजन, मग गॅस. काम संपल्यावर बर्नरच्या झडपा बंद करून थांबू नये. सिलिंडरच्या मुख्य झडपाही बंद कराव्यात.

डोळ्यांचे रक्षण

काच ज्योतीत धरली की तिच्यातील सोडियममुळे एक झगझगीत पिवळा प्रकाश पसरतो. त्यामागे काचेचा आकार दिसेनासा होतो आणि कारागीर नकळत पुढे झुकतो. यावर डिडिमियम काचेचा चष्मा हा उपाय आहे. कार्ल मोसांडर यांनी १८४१ मध्ये डिडिमियम हे मूलद्रव्य समजून त्यास नाव दिले. १८८५ मध्ये आउअर फॉन वेल्सबाख यांनी ते प्रत्यक्षात दोन मूलद्रव्यांचे मिश्रण असल्याचे दाखविले. या मिश्रणाने रंगविलेली काच सोडियमचा पिवळा प्रकाश नेमका शोषून घेते आणि बाकीचे दृश्य जवळपास जसेच्या तसे ठेवते.

तथापि या चष्म्याची मर्यादा ओळखणे अगत्याचे आहे. तापलेल्या काचेतून अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. ते दिसत नाहीत. पण दीर्घकाळ डोळ्यांवर पडत राहिल्यास नेत्रभिंगावर मोतीबिंदू धरतो. भट्टीसमोर काम करणाऱ्यांमध्ये हा विकार फार पूर्वीपासून ठाऊक होता. विल्यम क्रूक्स या शास्त्रज्ञांनी तो टाळण्यासाठी निरनिराळ्या काचांवर प्रयोग करून त्यांचे निष्कर्ष १९१४ मध्ये प्रसिद्ध केले. डिडिमियम काच अवरक्त किरण पुरेसे अडवीत नाही. लहान मणी बनविणाऱ्यास ती चालू शकते. बोरोसिलिकेट काचेचे किंवा मोठे काम करणाऱ्याने अवरक्त किरणही रोखणारी, जोडकामासाठीच्या चष्म्यासारखी गडद भिंगे वापरली पाहिजेत. उडणाऱ्या कपच्यांपासून रक्षण व्हावे म्हणून चष्म्याला बाजूंनीही झापड असावी. शेजारी उभे राहून पाहणाऱ्यालाही चष्मा हवाच.

वस्त्रे, धूळ आणि भाजणे

अंगावर सुती कपडे असावेत. नायलॉन किंवा पॉलिएस्टर कापड पेटले की वितळून त्वचेला चिकटते. पदर, ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस बांधून घ्यावेत. पाय झाकणारी पादत्राणे घालावीत.

मणी सळईला चिकटू नये म्हणून सळईवर केओलिन, ॲल्युमिना इत्यादींचा लेप देतात. मणी काढताना हा वाळलेला लेप भुकटी होऊन उडतो. काचेच्या कच्च्या मालातील, तसेच काही लेपांतील, सिलिकेची धूळ अत्यंत बारीक असते. ती वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग जडतो आणि त्यावर बरे करणारा उपाय नाही. म्हणून लेप पाण्यात भिजवूनच काढावा, मणी ओला असतानाच घासावा आणि मेज व जमीन ओल्या फडक्याने पुसावीत. केरसुणीने झाडणे म्हणजे खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत उडविणे होय. या मेजावर चहा-फराळ करू नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

भाजल्यास तो भाग ताबडतोब वाहत्या, साध्या गार पाण्याखाली सुमारे वीस मिनिटे धरावा. हळद, तूप, शाई किंवा दंतमंजन लावण्याची रूढी घातक आहे. त्यामुळे उष्णता आत कोंडते, जखम दूषित होते आणि डॉक्टरला तिची खोली कळत नाही. फोड मोठा असल्यास, किंवा चेहरा, हाताचा पंजा व डोळा यांना इजा झाल्यास रुग्णालयात जाण्यास विलंब लावू नये.

थंड होण्याची शिस्त

वस्तू घडली म्हणजे काम संपले असे नाही. काच बाहेरून लवकर निवते आणि आतून सावकाश. या तफावतीमुळे तिच्यात ताण कोंडून राहतो. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला असता लांब शेपटीचा मणी तयार होतो. त्याचे डोके हातोडीचा घाव सोसते, पण शेपूट किंचित मोडताच संपूर्ण मण्याचा भुगा उडतो. इंग्लंडात सतराव्या शतकापासून याला राजपुत्र रूपर्टचा थेंब म्हणतात. घाईने निवविलेल्या प्रत्येक वस्तूत या थेंबाचा काही अंश असतो. ती आठवड्याने किंवा वर्षाने, कोणाच्या तरी हातात किंवा गळ्यात असताना फुटू शकते.

यासाठी तयार वस्तू लहान विद्युत्‌भट्टीत ठेवून, सोडा-चुन्याची काच असल्यास ५०० ते ५५० अंशांच्या दरम्यान काही काळ राखून, मग हळूहळू थंड करतात. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. राखेत किंवा व्हर्मिक्युलाइटच्या दाण्यांत मणी पुरण्याने निवण्याचा वेग कमी होतो, परंतु खरे अनुशीतन होत नाही. भट्टीसाठी स्वतंत्र विजेची जोडणी आणि उत्तम भूसंपर्कन आवश्यक आहे. सोडा-चुन्याची आणि बोरोसिलिकेट काच एकत्र वितळवू नये. पहिलीचे प्रसरण दुसरीच्या सुमारे अडीचपट असते, त्यामुळे निवताना सांधा फुटतोच. कांड्यांवर चिठ्ठ्या लावून त्या वेगळ्या ठेवणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.

मेजाची मर्यादा

हाताशी कोरड्या भुकटीचे अग्निशामक, वाळूची बादली आणि पाण्याचे भांडे असावे. खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसविल्यास अदृश्य धोका ऐकू येतो. गॅसला आग लागल्यास ती विझविण्याआधी, शक्य असेल तर, मुख्य झडप बंद करावी. अन्यथा न जळलेला वायू खोलीत साचून मोठा स्फोट होतो. एकटे असताना काम करावयाचे झाल्यास घरातील कोणाला तरी तशी कल्पना असावी आणि झडप कोठे आहे हे घरातील प्रत्येक प्रौढास ठाऊक असावे.

मुलांसाठी मेजाभोवती एक रेषा आखावी आणि ज्योत पेटलेली असताना ती कोणी ओलांडू नये. मुलांचे कुतूहल स्वाभाविक आहे आणि ही कला पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुतूहलावर जगली आहे. पण पाहण्याची जागा आणि काम करण्याची जागा वेगळी राखता येते. लाउशातील घरे किंवा फिरोजाबादच्या गल्ल्या यांत राबणाऱ्या कित्येक कुटुंबांना अशी वेगळी जागा मिळाली नाही. दारिद्र्याने त्यांचे घर आणि कारखाना एकच केले. ज्याला आज आपले मेज स्वतः मांडण्याची मोकळीक आहे, त्याने प्रथम हवेची वाट ठरवावी, मग वायूची, मग डोळ्यांची आणि शेवटी काचेची. कांडी व बर्नर विकत घेण्याचा विचार या क्रमात सर्वांत अखेरीस येतो.